गृहभेटीसाठी रिकामं केलेलं घर

साहेबांनी माझ्या पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

विचारलं नाही. झाकण काढलं, बाही मागं सारली आणि तळापासून ढवळलं. "तुम्हा लोकांचं सगळं पिठात असतं," म्हणाले. सोबतच्या बाई हसल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पिठात काही सापडलं नाही. मग साहेबांनी हात पुसला. दोरीवर माझ्या लेकीचा शाळेचा फ्रॉक वाळत होता, त्याला पुसला.

मी मान खाली घालून उभी होते. खरं सांगते, त्या घडीला मला राग आला नव्हता. आतून मी खूश होते. साहेब घर धुंडाळून राहिले होते आणि त्यांच्या हाती काही लागत नव्हतं, कारण घर मी आदल्या दिवशीच रिकामं केलं होतं.

मी औंढ्याची. वय एक्केचाळीस. सकाळी शाळेत पोरांची खिचडी शिजवते आणि दुपारच्या एसटीनं लॉ कॉलेजला जाते. नवरा वारंगा फाट्यावर टेम्पो चालवतो, चार-चार दिवस घरी येत नाही. लेक नऊ वर्षांची. तिला पोटात घेऊन मी मुक्त विद्यापीठाचं पहिलं वर्ष दिलं, आणि ती शाळेत जायला लागली तेव्हा बी.ए. झाले. मग वकिलीला नाव घातलं. फीचा पहिला हप्ता कसाबसा गेला. दुसरा भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेणार नाही, असं कॉलेजनं सांगितलं.

तेव्हा ही संस्था कळली. शिकणाऱ्या गरीब आईबापांना रोख मदत देते. अर्ज केला. उत्पन्नाचा दाखला, मार्कमेमो, सगळे कागद दिले. शेवटची पायरी गृहभेट. संस्थेचे साहेब आणि एक बाई घर बघून ठरवणार.

गृहभेटीचा नियम कुठं छापलेला नसतो, पण आमच्या गल्लीला पाठ आहे. वस्तू दिसली की नाव गेलं. कनेरगाव नाक्याच्या एका बाईचं नाव भिंतीवरच्या टीव्हीपायी गेलं होतं. म्हणून आमच्याकडं कुणाची तपासणी आली की सामानाला पाय फुटतात. राशनकार्ड असो, घरकुल असो. या गल्लीत प्रत्येकीनं दुसरीचा फ्रीज एकदा तरी सांभाळलाय.

त्यात मला नाटकाचं वेड. आरोग्य खात्याच्या पथनाट्यांत मी मिशी लावून दारुड्या नवरा करायचे. बाया हसून लोळायच्या, आणि एकदा तर एका खऱ्या दारुड्यानं मला शंभराची नोट बक्षीस दिली होती. म्हणून ही गृहभेट मी दणक्यात बसवली.

फ्रीज समोर शकिलाभाभीकडं गेला. त्यांचं बांगड्यांचं दुकान घरातच आहे, त्यामुळं फ्रीज बांगड्यांच्या खोक्यांमागं झाकला. कूलर शेजारी गेला. मिक्सर गेला, दुसरा सिलिंडर गेला. फ्रीजच्या जागी जमिनीवर चौकोन उमटला होता, त्यावर माठ ठेवला. चांगल्या चादरी काढून फाटकी गोधडी अंथरली. मग भाभी कमरेवर हात ठेवून माझ्या टेबलाकडं बघत राहिल्या. सुताराकडून करून घेतलेला टेबल, वर चकचकीत सनमायका. टेबल-खुर्ची म्हणजे अफसरचं घर वाटतं, त्या म्हणाल्या. तोही उचलला. वरची पुस्तकं, वह्या, दिवा, फाईल, सगळं टेबलासोबत गेलं. "पूरा कॉलेज मेरे घर में आ गया," भाभी म्हणाल्या, "अब मैं ही वकील बनती." आम्ही दोघी पोट धरून हसलो.

मग लेकीची तालीम घेतली. मी नवऱ्याचा चष्मा लावला आणि साहेब झाले. टीव्ही आहे का? न्हाई. कूलर? न्हाई. मटण खाता का? न्हाई. मान खाली ठेवायची, आणि काहीही विचारलं तरी न्हाई म्हणायचं. पहिल्यांदा ती फिदीफिदी हसली. पाचव्यांदा हसली नाही. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. पण मी म्हणाले, वा, जमलं.

तर साहेब हात पुसून मोकळे झाले आणि बाई घरभर फिरल्या. कोपऱ्यात थांबल्या. म्हणाल्या, "ही अभ्यास कुठं करते? एक पुस्तक दिसत नाही."

पुस्तकं भाभीच्या घरात, टेबलावर होती.

मी तोंड उघडलं, तर साहेबांनी बोट वर केलं. "तू गप. पोरीला विचारतो." ते तिच्यासमोर उकिडवे बसले. आवाज एकदम गोड. "बाळा, तुझी आई अभ्यास करते?"

लेकीनं मान खाली घातली. जशी शिकवली होती तशी.

"न्हाई."

"कॉलेजला जाते?"

"न्हाई."

ही पोरगी माझ्या वाचण्याच्या आवाजावर झोपते. मला कलमं पाठ करताना आकडा चुकला तर तीच सुधारते. तिनं न्हाई म्हटलं, आणि मग हळूच माझ्याकडं पाहिलं. बराबर बोलले ना, असं पाहिलं. शाबासकी मागत होती.

साहेब उठले. "चाळिशीत कसलं कॉलेज. पैशासाठी नावं घालून ठेवतात," ते बाईंना म्हणाले. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

मी दाराकडं धावले. अजून सगळं सावरता येत होतं. फक्त पुस्तकं आणायची, शेजारी वाचत बसते म्हणायचं. फ्रीज राहिला असता तिकडंच. शहाण्या बाईनं तेवढंच केलं असतं.

पण दारातून मला गल्ली दिसली. भाभी आपल्या दाराला पाठ लावून उभ्या. शेजारीण कूलरच्या खोलीला कडी लावून तिच्यापुढं उभी. सगळ्या चोरी लपवल्यासारख्या. कुणाची चोरी? त्या फ्रीजसाठी नवऱ्यानं दोन उन्हाळे जादा खेपा मारल्या. त्या टेबलाला माझे दिवाळीचे पैसे गेले. आणि शिकते हे सिद्ध करायला निघालेल्या बाईनं आपली पुस्तकंच लपवली. पोरीच्या तोंडून स्वतःला पुसून टाकलं.

"भाभी, सामान आणा."

"किताबें?"

"सगळं. फ्रीजसकट."

भाभींनी माझ्याकडं वेड्या बाईकडं बघावं तसं बघितलं. पण हाक मारली.

अशी मिरवणूक औंढ्यानं पाहिली नसेल. पुढं टेबल, त्यावर पुस्तकं. मागं कूलर. मग फ्रीज, चौघींच्या हातात, वर अजून बांगड्यांचं एक खोकं तसंच. साहेब दारात अडकले होते. मी म्हणाले, "जरा सरका, फ्रीज आत यायचाय." सरकले.

मग मी बाईंना सांगितलं, लिहा. फ्रीज एक, जुना. कूलर एक. टेबल एक, त्यावर मी अभ्यास करते. "पोरगी खोटं बोलली. तिला मी शिकवलं, तुमच्यासाठी. हेबी लिहा."

बाईंनी लिहिलं नाही. साहेब लाल झाले होते. "तुझं नाव गेलं समज."

"अहो-जाहो बोला, साहेब. मी तुमची मोलकरीण न्हाई."

एवढंच. टाळ्या पडल्या नाहीत. गाडी गेली, धूळ बसली. नाव गेलं. हप्ता भरला नाही, फॉर्म गेला नाही, वर्ष गेलं. सोबतच्या पोरी परीक्षेला गेल्या तेव्हा मी शाळेत तांदूळ निवडत होते. भाभी आठ दिवस घुश्शात होत्या. किताबं मागवायची, फ्रीज काहून आणला? नवऱ्यानंही तेच विचारलं.

लेकीनं विचारलं, मी चुकले का? मी म्हणाले, न्हाई, मी चुकले. तिला ते पटलेलं नाही. आता घरी कुणी परकं माणूस आलं आणि तिला साधं नाव विचारलं, तरी ती आधी माझ्या तोंडाकडं बघते. हे मी त्या साहेबांना माफ करणार नाही. स्वतःलाही नाही.

यंदा मी पुन्हा नाव घातलंय, त्याच वर्षाला. संस्थेकडं अर्जही केलाय.

परवा वारंगा फाट्याहून एका बाईचा फोन आला. दोन लेकरांची आई, बी.एड. करते. संस्था तीच. गृहभेट गुरुवारी. माझा किस्सा ऐकून नंबर मिळवला म्हणे. "ताई, सामान कुठं ठेवू?"

"जिथं हाये तिथं."

"नाव कटंल."

"कटंल," मी म्हणाले. तिला खोटा धीर देणं मला जमलं नाही. मग म्हणाली, तुमी येता का?

गुरुवारी खिचडी दुसरी बाई शिजवणार आहे. मी सकाळच्या गाडीनं वारंग्याला जाणार. तिच्या उंबऱ्यावर बसणार. आत यायचं तर विचारून या, म्हणणार. लेकरांना एक प्रश्न विचारू देणार नाही. आणि नाव कापलं, तर कोणत्या नियमानं कापलं ते सहीनिशी लिहून मागणार. तो कागद तिच्या हातात पडेपर्यंत मी साहेबांच्या गाडीपुढं बसणार, उठणार नाही.