सोडलेल्यांची सतरंजी

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही नऊ निवृत्त माणसं रोज सकाळी ध्यानाला बसतो. अठरा वर्षं झाली. रीत एकच: डोळे मिटायचे, एक ते दहा श्वास मोजायचे, पुन्हा एकपासून सुरू. एका सोमवारी आमचे सर म्हणाले, "आता पुरे. मोजणं ही कुबडी आहे. ती सोडा आणि नुसते बसा."

पुण्यात असं नुसतं काही सोडता येत नाही. "आजपासून सोडायचं की एक तारखेपासून?" बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी विचारलं. "आणि चुकून मोजलं गेलं तर?" दुसऱ्या दिवशी भिंतीवर काकांच्या अक्षरात पाटी: 'पद्धत सोडलेल्यांनी उजव्या सतरंजीवर बसावे. मोजणाऱ्यांनी डाव्या. उजवीकडे बसून मोजू नये. शंका घरी विचाराव्यात.'

आठवड्याभरात उजवी सतरंजी भरली. काका तर मोजणं सोडल्यापासून बसल्या बसल्या घोरू लागले, आणि सगळ्यांत जास्त प्रगती त्यांचीच, असं एकमतानं ठरलं. डावीकडे मी एकटी उरले. आजाऱ्याची चौकशी करावी तसं लोक विचारायचे, "अजून मोजताय?"

हो, मोजत होते. चार वर्षांपूर्वी आमचे हे गेले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात उशाशी बसून मी त्यांचे श्वास मोजले. नंतर घर अंगावर यायचं, तेव्हा स्वतःचे मोजत बसायचे, म्हणून निभावलं. त्याला कुबडी म्हटल्यावर संताप आला, खोटं कशाला बोलू? आणि भीतीही वाटली. हे सोडलं आणि पुन्हा घर अंगावर आलं, तर मी कुणाकडे बघू?

पण या वयात एकटीनं नापासांच्या बाकावर किती दिवस बसणार? शेवटी मीही उजवीकडे गेले. सरांच्या शेजारी जागा होती. तिथे बसले, तोंडावर पदर धरला आणि चोरून मोजू लागले.

सहावर होते, तेवढ्यात शेजारून अगदी हळू आवाज आला, "सात."

मी डोळे उघडले. सर माझ्याकडेच बघत होते, कॉपी करताना पकडल्यासारखे.

"मला नाही हो जमत," ते कुजबुजले. "घरी कोणी नसतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. काका जोरात घोरत होते, त्यामुळे आमचं बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं.

"तुम्ही कितीवर आहात?" सरांनी विचारलं.

"सहावर."

"मग मी थांबतो," सर म्हणाले. "या तुम्ही."