एकाचं बोलणं, दुसऱ्याचं ऐकणं

तारा डागायच्या तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला राळ वितळते, तेव्हा धुपासारखा एक गोडसर गंध दरवळतो. गेल्या रविवारी सकाळी प्रताप नगरात वहिनींच्या बैठकीच्या खोलीत तो दाटून राहिला होता, आणि संगणकाशी उभा दावा मांडलेली मी तिथं मंत्रमुग्ध बसले होते, यावर तुझा विश्वास बसेल का?

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, जाऊन आता बरीच वर्षं झाली. सावनेरच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाल्यावर त्यानं आपल्या अवजड, पिवळट संगणकावर आठवणी लिहायला घेतल्या होत्या. त्या तिथंच अडकल्या. कारण वहिनींची भक्ती! दर दसऱ्याला त्या यंत्राची यथासांग पूजा करत. हळद, कुंकू, अक्षता, सारं श्रद्धापूर्वक नेमकं फ्लॉपीच्या फटीत! मजकूर बाहेर काढायची ती एकच वाट, तीही कायमची बुजली. आतली डिस्कही अलीकडे कण्हू लागली होती. आज चालली, उद्याचा भरवसा नाही. "माह्याच हातानं घालवलं वं मी," असं म्हणत वहिनी डोळ्यांना पदर लावत, आणि मला ते बघवत नसे.

धावून आले ते दादाचे जुने स्नेही बापूराव. गांधीबागेतल्या दुकानात रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. येताना त्यांनी आपला तितकाच जुनाट लॅपटॉप आणला, आणि दोन्ही यंत्रांना जोडणारी केबल ते समोर बसून, तारा डागत, तयार करू लागले. एरवी थरथरणारी ती बोटं कामाला लागताच कशी निष्कंप झाली! सरळ तार चालत नाही म्हणे. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेलाच जोडावी लागते. नाहीतर दोघंही बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाही. किती घरांतून ही एवढीशी अदलाबदल राहून गेली असेल!

मग पडद्यावर आकडे सरकू लागले, मुंगीच्या पावलांनी. वेग जरा वाढवा की, असं मी म्हणायचा अवकाश, बापूराव उखडलेच. "काहून घाई करून राहिली वं? म्हातारा झाला तो. त्याले त्याच्या चालीनं चालू दे." मध्येच आकडे थांबले, तेव्हा वहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. आकडे पुन्हा हलले. तासाभरानं सगळं इकडे आलं, एक अक्षरही न सांडता. धन्य तो माणूस!

माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणून लॅपटॉपवर वहिनींनाच वाचायला सांगितलं. "मी मधुकर..." एवढं वाचलं आणि त्या थबकल्या. लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं. जन्मभर नुसतं 'अहो' आणि 'हे'. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांनी पदर सावरला, नीट बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून, अगदी सावकाश वाचायला घेतलं. "मी मधुकर."