दर सोमवारची कळशी

खोदाईच्या कंपनीत मला पहिलं काम मिळालं ते एका रजिस्टराचं. कोथरूडमध्ये एक पेट्रोल पंप बंद पडला होता आणि त्याचं तेल जमिनीत झिरपतंय का, हे बघायला शेजारच्या सोसायटीत आमची तपासणीची विहीर होती. विहीर म्हणजे काय, तर मनगटाएवढा पाइप आणि वर कुलूपबंद झाकण. दर सोमवारी दहा वाजता टेप खाली सोडायची, पाणी किती खोल आहे ते लिहायचं आणि बाटलीभर नमुना न्यायचा. किल्ली मी हमखास विसरेन म्हणून तळमजल्यावरच्या काकांकडे ठेवली होती. काका निवृत्त शिक्षक. ते ओट्यावरून विचारायचे, "किती?" मी म्हणायची, "आणखी खाली गेलं."

एप्रिल उजाडला आणि पाणी वर यायला लागलं. नमुना तर प्रयोगशाळेने पिण्यालायक ठरवला.

साहेबांनी रजिस्टर चाळलं. "उन्हाळ्यात पाणी वर? आपण जागेवर जाता, की घरी पंख्याखाली बसून आकडे लिहिता? सोमवारी मी स्वतः येतोय. माप चुकीचं निघालं, तर मंगळवारी यायची तसदी घेऊ नका."

मी पुरती घाबरले. आकडे मी खरेच लिहिले होते, पण ते मलाच पटत नव्हते. सोमवारी नऊलाच पोचले, तर पाइपाचं झाकण उघडं, त्यात नरसाळं, आणि लेंग्यातले काका कळशीने बेताबेताने पाणी ओततायत!

"काका, हे काय?"

तेवढ्यात मागे साहेबांची स्कूटर थांबली. काकांनी त्यांनाच फैलावर घेतलं.

"अहो, पोरगी दर सोमवारी येते, खाली गेलं म्हणते आणि तोंड पाडून जाते. जन्मभर काठावरच्या मुलांना ग्रेस मार्क दिले मी. हिला नापास होऊ देऊ?"

साहेबांनी वाकून नरसाळ्यात पाहिलं. "पाणी कुठलं?"

"फिल्टरचं. नळाचं घालतोय होय!"

साहेबांनी मला शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लावलं: 'दर सोमवारी एक कळशी, फिल्टरचे पाणी. हेतू चांगला.' नोकरी वाचली. किल्ली मात्र काकांकडून काढून घेतली, तेव्हा त्यांचं तोंड इतकं उतरलं की मला साहेबांचा रागच आला.

पुढच्या सोमवारी टेप सोडली. पाणी पार तळाला गेलं होतं. मी रजिस्टरात खरा आकडा लिहिला.

"किती?" काका ओट्यावरून.

"वर आलं, काका."

"बघ," ते म्हणाले, "आता स्वतःच्या बळावर पास झालीस."