यादीत नसलेले दाणे

आमच्या फ्रीजवर पथ्याचा एक छापील कागद चिकटवलेला असायचा. तो आठवला की अजून माझं डोकं फिरतं. कागदावर चिडून काही उपयोग नाही, हे कळतं, तरी चिडते.

बाबांची मूत्रपिंडं निवृत्तीनंतर निकामी झाली. दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो आणि वर्षाच्या आत त्यांचं डायलिसिस सुरू झालं. आमच्या सेक्टरात तेव्हा धड भाजीवाला येत नव्हता, पण काचेचं चकचकीत हॉस्पिटल होतं. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तो कागद दिला. मूत्रपिंडं फॉस्फरस बाहेर टाकेनाशी झाली आहेत, तेव्हा पनीर, राजमा, छोले, उडदाची डाळ, काजू-बदाम, कोला, सगळं बंद. मी आईला वाचून दाखवलं.

"राजमा-छोले आपण खातोच कुठे?" आई म्हणाली. "हे सगळं इकडच्या लोकांचं खाणं."

मीही हसले. आपलं जेवण मुळातच शहाण्या माणसांचं, असं आम्हा दोघींना अगदी मनापासून वाटलं.

बाबांसाठी आईनं संकष्टी, एकादशी आणि गुरुवार धरले, त्यांनाही धरायला लावले. मी त्या बाईंना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "व्रत? बिल्कुल रखिए. हल्का ही तो खाएँगे." त्यांच्या डोळ्यांपुढे फळांच्या दोन-चार फोडी असणार. आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, दाण्याचा लाडू. उपास नसेल तेव्हा भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, तोंडी लावायला दाण्याची चटणी. कागदावर शेंगदाणा नव्हता. आमच्या ताटात काय असतं ते मी नीट सांगायला हवं होतं, पण मला गुडगावच्या ऑफिसची कॅब गाठायची होती.

फॉस्फरसचा आकडा दर महिन्याला चढत गेला. फॉस्फरस अडवणाऱ्या, जेवणाबरोबर चावायच्या गोळ्या वाढवल्या, तरी चढला. बाबा रक्त येईपर्यंत दंड खाजवायचे. जिना उतरताना त्यांच्या पायांची हाडं ठणकायची. डॉक्टरांनी समजावलं की गळ्यात पॅराथायरॉइड नावाच्या चार बारीक ग्रंथी असतात, फॉस्फरस साचला की त्या चेकाळतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात आणत राहतात. मग बाबांकडे वळून हसत म्हणाले, "अंकल, सच बताइए, बाहर छोले-भटूरे चल रहे हैं?"

"नहीं जी," बाबा म्हणाले.

मी डॉक्टरांवर विश्वास ठेवला. बाबा मंगळवारी जुन्या सोबत्यांना भेटायला बसनं सरोजिनी नगरला जात. मी त्यांच्या शर्टांचे वास घेतले, खिसे उलटे केले, एका सोबत्याला फोन करून चौकशी केली. ऑफिसचं पेन कधी घरी न आणणारा माणूस, आणि मी त्याचे खिसे तपासत होते! एकदा जेवताना मी ओरडलेच, "मरायचंच असेल तर सांगा बाबा, मी रजा घेणं तरी थांबवते."

"खाल्लं असेल तर सांगून टाका हो," आई म्हणाली.

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "हो. खाल्ले छोले. परत नाही खाणार." मग त्यांनी कोशिंबीर मागितली आणि आईनं वाढली.

मी त्यांचं मंगळवारचं जाणं बंद केलं. आपण घर सांभाळतोय म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटलं. बाबा गॅलरीत बसून समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारती बघायचे. आकडा चढतच राहिला.

पुढे डायलिसिसच्या खोलीत नागपूरची एक नर्स आली. आईनं डबा उघडला तशी ती वाकून म्हणाली, "काकू, कोशिंबिरीत दाण्याचं कूट? रोज घालता?"

"रोज. भाजून, घरी केलेलं," आई कौतुकानं म्हणाली.

"अहो, दाण्यात किती फॉस्फरस असतो! कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"कागदावर नव्हतं," आई म्हणाली. घरी येऊन तिनं कुटाचा डबा रिकामा केला.

फार उशीर झाला होता. त्याच महिन्यात बाबा बाथरूममध्ये नुसते वळले आणि मांडीचं हाड मोडलं. पडलेसुद्धा नव्हते.

हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसून मी विचारलं, "छोले खाल्लेच नव्हते ना तुम्ही?"

"नाही."

"मग हो का म्हणालात?"

"हो म्हटल्यावर तू ओरडायची थांबलीस," बाबा म्हणाले. "मला जेवायचं होतं."