गोष्टीचा दुसरा भाग चित्रांत

देवळाली कॅम्पच्या बाजारात एक कॅसेटवाला स्वतः रचलेली गोष्ट विकायचा. कॅसेटमध्ये घर सोडून गेलेल्या भावाला बहीण हाका मारायची. भावाचं काय झालं, ते मात्र वेगळ्या चित्रपुस्तकात. मला ही लुबाडणूक वाटली.

"सगळं कॅसेटमध्येच का नाही?"

शर्टाला कॅसेट पुसत तो म्हणाला, "साहेब, बहिणीला जे ठाऊकच नाही, ते तिच्या तोंडी कसं घालू?"

कुरकुरत मी दोन्ही घेतली. माझ्या आंधळ्या आईचा भाऊही असाच घर सोडून गेलेला. घरी कॅसेट ऐकून संपल्यावर मी तिला चित्रं सांगितली. शेवटच्या चित्रात भाऊ उसात, कानांवर हात दाबून बसलेला.

"म्हणजे त्याला ऐकू येत होतं," आई म्हणाली.

लुबाडणुकीचा संशय तेव्हाच गेला. आता वाटतं, हे फक्त निघून गेलेल्यालाच ठाऊक असणार; तो विकणाराच कुणाच्या तरी हाकेला ओ न देता निघून आला असावा.