१४२८५७

आमच्या यांच्या पितळी बिल्ल्यावर १४२८५७ असा लांबलचक नंबर होता. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. ठेकेदाराच्या मुनशीने आधी कामाचे, मग टोळीचे, मग माणसाचे आकडे खोदले होते. फाटकापाशी फळीवर प्रत्येकाचा खिळा. आत जाताना बिल्ला न्यायचा, बाहेर येताना अडकवायचा. तोंड कोणी बघत नसे, पितळ बघत.

मरोद्याच्या मजूरवस्तीत आमच्या शेजारच्या झोपडीत यांचा जोडीदार राहायचा. भंडाऱ्याकडे तो आधी मास्तर होता, ती खोड गेली नव्हती. एका संध्याकाळी त्याने माझ्या सारवलेल्या जमिनीवर कोळशाने तो नंबर लिहिला.

"वहिनी, याले दोनानं गुणा."

चिडूनच गुणलं. २८५७१४. तिनाने ४२८५७१. सहापर्यंत आकडे तेच, नुसत्या जागा बदलत होत्या. मग त्याने नंबराला नंबरानेच गुणलं, आलेली अकरा आकड्यांची रांग पाच आणि सहा अशी तोडली, तुकड्यांची बेरीज केली. पुन्हा १४२८५७.

"कापला तरी मरत नाही पाहा!"

"आन साताने?"

"साताने सारे नऊ. तुमचा माणूस गायब!"

तो हसला. सकाळी उठल्याबरोबर मी ती जमीन पुन्हा सारवली.

महिनाभराने भर दुपारी भोंगा वाजला. परांची कोसळली होती. आम्ही बायका फाटकाकडे धावलो. १४२८५७ चा खिळा रिकामा होता. जोडीदाराची त्या दिवशी सुटी, त्याचा बिल्ला फळीवर लटकत होता. त्याची बायको माझ्याजवळ बसली, पाठ चोळू लागली.

"रडू नोको बाई. माह्यावाले तळ्यावर मासे धराले गेले हायेत. आले का आत जाऊन पाहातील."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला. मी धुळीत बोटाने गुणत बसले. दोनाने, तिनाने, सहापर्यंत. तिथे बोट अडलं. साताने गुणायची माझी छाती झाली नाही.

तेवढ्यात गर्दीतून हे आले. हातात आमचा स्टोव्ह. मी आनंदाने किंचाळलेच.

"कावून रडून राहिली? मी तं सुपेल्याच्या बाजारात होतो. स्टोव्ह दुरुस्त कराले तूच तं रोज डोकं खाऊन राहिली होती."

"मग तुमचा बिल्ला?"

यांनी फळीकडे पाहिलं. सुटीवाल्याने दुसऱ्याचा बिल्ला घेऊन त्याची पाळी भरायची, अशी बदली पुरुष गुपचूप करायचे. घरी सांगत नसत.

यांचा चेहरा उतरला. जोडीदाराच्या बायकोला यांनी हळूच विचारलं, "तो कुठं हाये?"

"तळ्यावर," ती म्हणाली. माझा माणूस परत आला म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती अजून माझी पाठ चोळत होती.