कॉफीत बुडवलेला रोट

आमच्या घराण्यात आजवर कुणी कानबाईचा कोप ओढवून घेतला नव्हता. मी तो सायकलवर जाऊन, कॉफीत बुडवून आणला.

आधी सायकलचं सांगते. डॉक्टर म्हणाले, "आजी, साखर वाढलीय. रोज चाला." चाललं की माझे गुडघे बोंबलतात. नात पुण्याला शिकायला गेली होती आणि तिची सायकल जिन्याखाली पडून होती. लहानपणी एरंडोलला वडिलांची सायकल मी दांड्याखालून पाय घालून चालवायचे (चौथीनंतर माझी शाळा बंद झाली ती त्यामुळेच. पोरगी हाताबाहेर चालली म्हणे!). पहिल्या दिवशी मी आमच्याच फाटकावर आदळले, दुसऱ्या दिवशी भाजीवालीच्या गाड्यावर, तिसऱ्या दिवशी कुणावरच नाही. म्हणजे सायकल आली! "महादेवाला जाऊन येते," असं घरी सांगायचे. खोटं नाही. रस्त्यावरूनच हात जोडायचे आणि पुढे कॉफी शोधायला जायचे.

आमच्या घरात कॉफी फक्त ताप आला की मिळायची. आमचे हे, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, ते होते तोवर हा नियम मोडला नाही. ते गेल्यावर मला ताप येणंही बंद झालं. आणि इथे जळगावात पिंप्राळ्यापासून थेट गावापर्यंत गल्लोगल्ली कॉफीची दुकानं! एका दुकानात फेसावर पान काढून दिलं. मी साय समजून ते चमच्याने बाजूला केलं, तर खाली कॉफी दोन घोट. दुसऱ्या दुकानात काळी कॉफी, बाळंतिणीच्या काढ्याहून कडू. पोरं ती पीत होती आणि वर हसत होती! तिसऱ्या दुकानात खुर्च्या एवढ्या उंच की चढायला दोघांनी हात दिला. उतरायच्या वेळी ते दोघे निघून गेले होते. मी तिथे पाऊण तास लोंबकळत होते.

चौथं दुकान मात्र जमलं. एका घराच्या गाडी ठेवायच्या जागेत चार टेबलं मांडून वृषाली नावाची मुलगी ते चालवायची. बुलढाण्याकडची, एकटीच राहायची. कॉफी दाट, वर जायफळ, आणि सोबत केळ्याचा केक.

"केळी कुठली गं घालतेस?"

"काळी पडलेली, आजी. तीच गोड लागतात."

"अगं, आम्ही केळीवाले. असली केळी आम्ही गुरांना घालतो!" (तोवर माझा दुसरा तुकडा संपला होता.) "कोण देतं तुला ही?"

"आहे एक जण. फुकट आणून देतो."

"फुकट देणाऱ्यापासून जपून राहा हो. त्याच्या पोटात काहीतरी असतं!"

ती खाली मान घालून कोरडाच कप पुसत बसली. मला वाटलं, चांगला उपदेश केला.

आता घरचं दुखणं. माझा नातू निलेश तिशी ओलांडून बसलेला. केळीची बाग, अंगाला व्यसन नाही, पण शेती म्हटलं की मुलीकडचे अर्धा चहा टाकून उठतात. त्याची आई, माझी सून सुनंदा, तीन वर्षं मुली शोधून टेकीला आली. शेवटी तिने कानबाईला नवस बोलला, "यंदा तुझं सगळं रीतीने करते, काडीची चूक होऊ देणार नाही. तेवढी घरात सून आण."

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशची देवी. श्रावणात एका रविवारी घरी बसते, सोमवारी जाते. तिच्या पिठाच्या जाड पोळ्या करतात, त्यांना रोट म्हणायचं. ते रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे आणि फक्त घराण्यातल्यांनीच खायचे. परक्याला कणही द्यायचा नाही. परका तर सोडाच, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही! माझी नणंद, धुळ्याच्या अक्का, पन्नास वर्षं दर कानबाईला माहेरी येतात आणि आम्ही रोट खातो ते बघत बसतात. त्यांच्याएवढी नियमाची पक्की बाई अख्ख्या खानदेशात नसेल. मला मिळालं नाही तर कुणालाच मिळू नये, असा साधा हिशेब.

देवी गेली. सुनंदाने प्रत्येकाच्या वाट्याचे रोट नेमून दिले. माझ्या दातांना ते तुटेनात. पौर्णिमा तर दोन दिवसांवर! मग मला अक्कल सुचली. तीन रोट डब्यात घातले, डबा सायकलच्या पुढच्या टोपलीत ठेवला आणि वृषालीचं दुकान गाठलं. कॉफीत बुडवला की रोट लोण्यासारखा मऊ. काय लागत होता म्हणून सांगू!

"काय खाताय, आजी?" म्हणत वृषाली समोर येऊन बसली.

आणि इथे माझा घात झाला. आपल्यात समोर बसलेल्या माणसाला न विचारता घास खातात का? सत्तर वर्षांची सवय! डोक्याने "नको" म्हणायच्या आत हात पुढे गेला आणि तोंड म्हणालं, "घे ना. घे गं, लाजतेस काय!"

तिने घेतला. बुडवला. खाल्ला.

मी "थुंक!" म्हणायला तोंड उघडलं, तर ती म्हणते, "मस्तच आहे! अजून एक घेऊ?" आणि घेतला की! मी उठले, चप्पल उलटसुलट घातली, सायकलवर बसले आणि सुटले. मध्ये एक गतिरोधक होता, तो मला घरी पोचल्यावर आठवला. नवस बुडाला, निलेश आजन्म ब्रह्मचारी राहणार, आणि कारण कोण? मी!

घरी कुणाला काही बोलले नाही. चार वाजता अक्का आणि सुनंदा ओसरीवर मेथी निवडत होत्या. मीही साधा चेहरा करून एकेक पान खुडत होते. तेवढ्यात निलेश फाटकातून ओरडत आला, "आजी, तुझा डबा कॉफीच्या दुकानात राहिला होता!"

डबा! झाकणावर आबांचं नाव कोरलेला स्टीलचा डबा! मी तो तिथेच टाकून पळाले होते.

"कॉफीच्या दुकानात?" सुनंदा म्हणाली. "आई, तुम्ही महादेवाला जाता ना?"

"आणि तू रे?" मी निलेशवर उलटले. "तू बागेत असतोस ना या वेळी? तू कसा गेलास तिथे?"

निलेशचं तोंड पिकल्या केळ्यासारखं पिवळं पडलं. मग काळं. काळ्या केळ्यावरून माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. अरे देवा! फुकट देणारा हाच!

अक्कांनी तोवर डबा उघडला होता. रिकामा डबा परत करू नये, एवढी रीत त्या पोरीला माहीत होती. आत केक.

"हाई काय शे?" अक्का म्हणाल्या. "रोट कुठे गेले?"

मी सांगून टाकलं. सुनंदाच्या हातून मेथीची जुडी गळाली. अक्का उभ्या राहिल्या. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत त्या अशा उभ्या राहिल्या नव्हत्या!

"पन्नास वरीस झाले, मला घरच्या लेकीला कधी तुकडा दिला नाही, आणि कॉफीवाल्या पोरीला दोन रोट? आता ती घराण्यातली झाली! या निलेशची बहीण झाली!"

निलेश मटकन खाली बसला, नेमका मेथीवर.

"अक्का, असं नका बोलू! मला तिच्याशी लग्न करायचंय!"

 मग सुनंदा बोलली. पस्तीस वर्षांत अक्कांसमोर पहिल्यांदाच.

"अक्का, मी या घरात जन्मले का?"

"नाही. तू मुक्ताईनगरची."

"मग मला रोट कसा चालतो?"

"तू सून शेस म्हणून."

"तेच म्हणते मी! बाहेरून येऊन रोट खाते ती बहीण नसते, सून असते. मी कानबाईला काय मागितलं होतं?"

अक्कांनी मग डबा जवळ ओढला. "हाई रोट तर नाही ना?" म्हणाल्या, आणि पन्नास वर्षांचा उपास सोडल्यासारखा अख्खा केक एकटीने संपवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. त्या दोघी रिक्षात, मी पुढे सायकलवर, वाट दाखवायला.

"पोरी, तू काल काय खाल्लंस, माहीत शे का?" अक्कांनी दरडावून विचारलं.

वृषाली घाबरली. "का? खराब होतं?"

"त्याहून वाईट. आता जन्मभर आमच्याकडेच खावं लागेल!"

तिच्या घरच्यांनी होकार द्यायला दोन महिने घेतले. तुळशीच्या लग्नानंतर यांचं लागलं. भाऊबंदांत बोलवा उठली, की म्हातारीला दृष्टांत झाला आणि तिने सायकलवर जाऊन सून हेरली. मीही नाही म्हटलं नाही.

पण माझी रिपोर्टांची फाईल नव्या नातसुनेने पहिल्याच आठवड्यात वाचली. "आजी, साखर एवढी? आजपासून तुमची कॉफी बिनसाखरेची, आणि केक बंद. दुकानातसुद्धा!" सगळ्या जळगावात एकच दुकान मनासारखं सापडलं होतं, तेच मी सून करून घरात आणून बसवलं. आता रोज सकाळी महादेवाला जाते, आणि तिथून पुढे पाचवं दुकान शोधते. यावेळी डबा घरीच ठेवते.